युद्धकाळातील आपले कोकण : चुलीपासून सरहद्दीपर्यंत

७ मे २०२५ रोजी साऱ्या देशात नागरी संरक्षणाचा सराव घेण्यात आला. ज्या ठिकाणांची यादी जाहीर झाली होती तीत आपल्या रायगड जिल्ह्यातील उरण आणि आपल्या शेजारचे रोहा-नागोठणे ही नावे होती. पहलगामच्या हत्याकांडानंतरचे ते दिवस. जो तो मोबाईलवर बातम्या पाहत होता. त्या सुमारास एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, ब्लॅकआऊट म्हणजे लोडशेडिंगच ना?" मुले हसली. मीही हसलो, पण घरी जाताना मनात आले की हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दिवे वीजमंडळाने घालवले तर ते लोडशेडिंग. दिवे आपण होऊन घालवले, आणि शेजाऱ्यासाठी घालवले, तर तो ब्लॅकआऊट. या दोहोंत जो फरक आहे, त्यातच राष्ट्राभिमान या शब्दाचा पुष्कळसा अर्थ सामावलेला आहे.

आम्ही इतिहास शिकवणारे शिक्षक मुलांना युद्धाची कारणे सांगतो, परिणाम सांगतो, तहाची तारीख पाठ करून घेतो. पाच गुणांचे उत्तर तयार होते. पण त्या दिवसांत चुलीवर काय शिजत होते, रॉकेल किती मिळत होते, घरातला कर्ता समुद्रावर असताना घरच्या बाईने रात्र कशी काढली, हे कोणत्याही प्रश्नपत्रिकेत विचारले जात नाही. लढाई सरहद्दीवर होते हे खरे. परंतु युद्ध घराघरात होते. आपल्या तळे गावाच्या माथ्यावर तळगड उभा आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी जे बारा किल्ले स्वतःकडे राखले, त्यांत तळे आणि घोसाळे यांची नावे होती. गडाचा इतिहास बखरीत नोंदला गेला. गडाखालच्या घरांचा इतिहास मात्र म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच राहिला, आणि ती माणसे एकेक करून निघून चालली आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

परक्यांचे युद्ध, आपली उपासमार

दुसरे महायुद्ध हे आपले युद्ध नव्हते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदी पुढाऱ्यांचा विचार न घेताच हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्याचा निषेध म्हणून प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळही त्यात होते. देशाला कोणी विचारले नाही, पण किंमत मात्र देशाने मोजली.

ती किंमत कोकणात प्रथम ताटात दिसली. आपण भात खाणारी माणसे. कोकणात पिकणारे भात कोकणालाच वर्षभर पुरत नसे आणि मुंबईच्या बाजारात ब्रह्मदेशाचा तांदूळ येई. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि तो तांदूळ बंद झाला. एप्रिलमध्ये कोलंबो, विशाखापट्टण आणि काकीनाडा येथे जपानी विमानांनी बाँब टाकले. धास्तावलेल्या मुंबईकरांपैकी अनेकांनी बायकामुलांना गावी धाडले. आधीच अपुरे असलेले धान्य आता जास्त तोंडांत वाटले जाऊ लागले. २ मे १९४३ पासून मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्याच साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. कोकणावर तशी वेळ आली नाही, पण भाताच्या जागी पेज आणि तांदळाच्या भाकरीच्या जागी नाचणीची भाकरी घरोघर आली. ज्या घरात पाहुण्याला उपाशी पाठवणे हा मोठा कमीपणा, त्या घरात पाहुणा दिसला की मनात धस्स होऊ लागले.

युद्ध खिशातही शिरले. १९४० पासून चांदीच्या रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि एक रुपयाची कागदी नोट निघाली. तांब्याची टंचाई इतकी, की १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा पाडण्यात आला. तो पैसा आजही एखाद्या घरी जुन्या डब्यात सापडतो. मुलांना तो हातात द्यावा आणि सांगावे की या भोकातले तांबे युद्धाने खाल्ले.

आणि युद्धाने आपली माणसेही नेली. कोकण किनाऱ्यावरील, विशेषतः मुसलमान वस्त्यांतील कितीतरी घरे पिढ्यान् पिढ्या जहाजावर जगत आली. कोणी सारंग, कोणी टंडेल, कोणी इंजिनापुढे कोळसा ओढणारा आगवाला, तर कोणी भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. गोऱ्या खलाशाच्या मानाने त्यांचा पगार अगदीच तुटपुंजा. १९३९ च्या अखेरीस हिंदी खलाशांनी ब्रिटनच्या व इतर देशांच्या बंदरांत पगारवाढीसाठी संप केले तेव्हा कित्येकांना तुरुंगात टाकण्यात आले. पाणबुडीचा पाणतीर मात्र गोरा-काळा पाहत नव्हता. जहाजाच्या पोटात, इंजिनाजवळ काम करणाऱ्याला तर वर येण्याइतकाही वेळ मिळत नसे.

२० नोव्हेंबर १९४२ रोजी 'तिलावा' नावाची आगबोट मुंबईहून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. तीवर खलाशी आणि उतारू मिळून साडेनऊशेच्या वर माणसे होती. तिसऱ्या दिवशी, २३ तारखेला, जपानी पाणबुडीने तिला बुडवले. २८० माणसे गेली. त्या महायुद्धात कामी आलेल्या आणि ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही, अशा हिंदी खलाशांची संख्या सहा हजारांच्या घरात जाते. मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशीगृहात त्यांचे स्मारक आहे. आपल्यापैकी किती जण तेथे जाऊन आले आहेत? मीही वयाच्या तिशीनंतरच पहिल्यांदा गेलो, हे कबूल केले पाहिजे.

युद्ध मुंबईत येऊन धडकले ते १४ एप्रिल १९४४ रोजी. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर सुमारे १४०० टन दारूगोळा आणि त्याबरोबर कापसाचे गठ्ठे होते. कापसाने पेट घेतला आणि दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. जहाजावरील सोन्याच्या विटा उडून दूरवर जाऊन पडल्या. शेकडो माणसे ठार झाली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थच आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. गोदीत माथ्यावर ओझी वाहणारे, वखारीत काम करणारे, जवळच्या वस्त्यांत दाटीवाटीने राहणारे यांत कोकणी माणूस किती होता हे वेगळे सांगायला नको. शत्रूचे एकही विमान आले नव्हते, तरी त्या दिवशी मुंबईत युद्ध झाले होते.

दोन वीर, एक जिल्हा

आता, वाचकहो, एका अवघड प्रश्नाकडे वळू. जे युद्ध आपले नव्हते, त्यात अभिमान कशाचा धरायचा?

आपल्याच जुन्या कुलाबा जिल्ह्यातील दोन तरुण पाहा. एक, विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल, माथेरानचे वकील. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या होत्या. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. ही घोषणा सुचवणारे युसूफ मेहेरअली हे त्या वर्षी मुंबईचे महापौर होते. भाई कोतवालांनी आझाद दस्ता उभा केला आणि विजेचे मनोरे पाडून इंग्रजांच्या युद्धकारखान्यांचा वीजपुरवठा तोडण्याचा सपाटा लावला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

दुसरे, यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे शेतकरीपुत्र, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक. तळे तालुका स्वतंत्र होण्यापूर्वी आपणही माणगाव तालुक्यातच होतो. म्हणजे ते आपल्याच तालुक्याचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. हा बावीस वर्षांचा तरुण एकटा पुढे धावला. बाँब फेकून त्याने मशीनगन बंद पाडली, एका शत्रूला टिपले, आणि बंदुकीत गोळ्या भरायला वेळ उरला नाही तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्याला गाठले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

एकाने इंग्रजांच्या युद्धयंत्राची वीज तोडली, दुसरा त्याच इंग्रजांच्या फौजेत लढता लढता पडला. दोघांच्या मरणात अवघे दीड वर्षाचे अंतर. दोघेही आपलेच. मुलांना हे शिकवताना मी पूर्वी गोंधळून जाई. एकाचा गौरव केला की दुसऱ्यावर अन्याय झाल्यासारखे वाटे. आता मला असे वाटते की अभिमान हा सरकारचा नसतो, माणसाचा असतो. भाई कोतवाल आपल्या देशाशी इमान राखून गेले. घाडगे आपल्या तुकडीतल्या सोबत्यांशी इमान राखून गेले. ज्याला जे कर्तव्य समोर दिसले ते त्याने टाळले नाही. समुद्रतळाशी गेलेला आगवालाही घरच्या मनिऑर्डरीशी इमान राखूनच गेला होता. परक्यांच्या युद्धात राष्ट्राभिमान नव्हता असे नव्हे. त्याला फक्त स्वतःचे निशाण नव्हते. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी बंड केले, तेव्हा तो निशाणासाठीच उसळून वर आला. त्या नौदलात कोकण किनाऱ्यावरील मुलांची भरती आधीपासून होत आली होती, हे येथे आवर्जून नोंदवतो.

निशाण मिळाल्यावर

स्वातंत्र्य मिळाले आणि लगेच काश्मीरचे युद्ध आले. ३ जुलै १९४८ रोजी नौशेरा आघाडीवर ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान धारातीर्थी पडले. फाळणीच्या वेळी पलीकडे जाण्याचा मार्ग त्यांना खुला होता. त्यांनी भारताचे सैन्य निवडले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

तरीही सामान्य घराला हे युद्ध आपले आहे असे खऱ्या अर्थाने जाणवले ते १९६२ साली. चीनने आक्रमण केले आणि गावोगावी राष्ट्रीय संरक्षण निधीच्या पेट्या फिरल्या. बायकांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या. यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे लोक कौतुकाने म्हणू लागले. परंतु याच युद्धाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यास बंदी झाली. गावोगावच्या सोनारांची भट्टी विझली. दागिना देणाऱ्या बाईचे नाव सभेत पुकारले गेले. पिढीजात धंदा गमावून मोलमजुरीला गेलेल्या सोनाराचे नाव कोणी पुकारले नाही. देशासाठी झालेला हाही त्याग होता, मात्र न विचारता घेतलेला.

१९६५ साली ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये घुसखोर शिरले, १ सप्टेंबरला छांब भागात हल्ला झाला आणि ६ सप्टेंबरला आपल्या फौजा लाहोरच्या दिशेने सरहद्द ओलांडून गेल्या. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. आदल्या वर्षी देशात ८ कोटी ९० लाख टनांच्या आसपास धान्य पिकले होते, ते त्या वर्षी ७ कोटी २० लाख टनांवर आले. अमेरिकेने मदत आखडती घेतली. अशा वेळी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी 'जय जवान, जय किसान' ही घोषणा दिली आणि दर सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. शहरांतील हॉटेले सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागली.

या आवाहनाची खुबी पाहा. श्रीमंताला जे करता येते तेच गरिबालाही करता येईल, हिंदूला जे करता येते तेच मुसलमानालाही, असा तो त्याग होता. उपवास कोणाला शिकवावा लागला नाही. एकाच्या घरी एकादशी होती, दुसऱ्याच्या घरी रोजा होता. माझी दादी सांगत असे, "रोजा अल्लासाठी, सोमवार शास्त्रींसाठी." आणि ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदहून शास्त्रीजींच्या निधनाची बातमी आली तेव्हा रमजानच चालू होता. त्या संध्याकाळी इफ्तारच्या वेळी घरात कोणी फारसे बोलले नाही, असे ती म्हणे.

काळ्या कागदाची गोष्ट

दादीनेच सांगितलेली एक हकीकत आता सांगतो. गावाचे व माणसांचे नाव घेत नाही. ती माणसे आज हयात नाहीत आणि गोष्टीला नावाची गरजही नाही.

सप्टेंबर १९६५. खाडीकाठचे आमचे घर. गावात वीज नव्हती, तरी ब्लॅकआऊटचा हुकूम आला होता. मोटारींच्या दिव्यांच्या काचा वरून अर्ध्या काळ्या रंगवलेल्या असत. गावात रात्री कंदील बाहेर काढायचा नाही, चिमणी आडोशाला ठेवायची, असे ठरले. दादा जहाजावर. घरात दादी, तिची सासू आणि एक वर्षाचा मुलगा. तो मुलगा म्हणजे माझे वडील. त्यांना सणकून ताप भरलेला. दादीने रात्रभर चिमणी विझवली नाही. खिडकी खाडीच्या अंगाला.

सकाळी विहिरीवर कुजबुज सुरू झाली, "खाडीकडच्या घरातून विमानाला खुणा करतात." आणि त्या कुजबुजीला एक खुंटी होतीच. दादांचा थोरला भाऊ फाळणीपूर्वी नोकरीसाठी कराचीला गेला होता आणि तिकडेच राहिला होता. वर्षा-दोन वर्षांनी त्याचे पत्र येई. कोकणात अशी घरे काही थोडी नव्हती. मुंबईला जावे तसे लोक कराचीला जात. पण त्या सकाळी त्या पत्रांचा अर्थ बदलला. दुपारी दोन-चार तरुण पोरे घरासमोरून मोठमोठ्याने बोलत गेली. दादीने दार लावून घेतले. "तापाच्या पोरापेक्षा त्या आवाजाचं भय मोठं होतं," हे तिचेच शब्द.

दिवस मावळताना दारावर थाप पडली. दारात गावचे पेन्शनर हवालदार उभे. मराठा पलटणीत राहून दुसरे महायुद्ध पाहिलेले गृहस्थ. एका हातात तळ्याच्या बाजारातून आणलेला काळा कागद, दुसऱ्या हातात वाटीभर खळ. म्हणाले, "भाभी, पोराला अंधारात ठेवू नका. दिवा घरात राहू दे. उजेड तेवढा बाहेर जाऊ नये." आणि पायरीवर बसून त्यांनी स्वतः कागद कापला, खिडकीच्या गजांना आतून चिकटवून दिला.

मग त्यांनी त्या पोरांना बोलावले. रागावले नाहीत. म्हणाले, "देशाची एवढी काळजी आहे ना, मग आज रात्री माझ्याबरोबर पहारा करा. कोणाकोणाचा उजेड दिसतो ते मोजू." अंधार पडल्यावर सगळे खाडीच्या बांधावर जाऊन उभे राहिले आणि गावाकडे पाहू लागले. सात घरांतून उजेड दिसत होता. त्यांतले एक घर पोरांच्या म्होरक्याचे होते, आणि एक खुद्द हवालदारांचे. स्वयंपाकघराचे कौल सरकले होते. हवालदार पोट धरधरून हसले, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी काळा कागद सातही घरी गेला. त्यानंतर आमच्या घराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. त्या म्होरक्याची बहीणच पुढे वडिलांसाठी गवती चहाचा काढा घेऊन येऊ लागली.

मी ही गोष्ट अनेकदा आठवतो. त्या हवालदारांनी 'हे घर देशभक्त आहे' असे प्रमाणपत्र दिले नाही आणि मागितलेही नाही. त्यांनी एवढेच गृहीत धरले की ही बाईही आपल्याइतकीच या गावची आहे. तिला फक्त कागद हवा आहे. संशयाने पेटणारे गाव वाटीभर खळीने वाचले. युद्धात शत्रू बाहेरून बाँब टाकतो. अफवा हा बाँब आपलाच आपल्यावर पडतो.

याच सप्टेंबरात, १० तारखेला, खेमकरण विभागात जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडता फोडता कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद शहीद झाले. उत्तर प्रदेशातील धामूपूर गावच्या शिंप्याचा हा मुलगा. १६ तारखेला पूना हॉर्स या पलटणीचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर रणगाड्यांच्या लढाईत पडले. त्यांचे घराणे पारशी. दोघांनाही परमवीर चक्र मिळाले. अब्दुल हमीद यांचा अभिमान आम्हांस आहेच. पण मला वाटते, अभिमानासाठी प्रत्येक वेळी परमवीरच पुढे करावा लागू नये. पोराच्या तापासाठी चिमणी लावणाऱ्या बाईलाही तेवढाच विश्वास मिळावा. परमवीर चक्र लाखांत एखाद्याला मिळते. शेजाऱ्याचा विश्वास हा प्रत्येकाला मिळायला हवा.

पाच पैशांचे तिकीट

१९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या पोटापाण्याचा भार देशावर पडला आणि १५ नोव्हेंबर १९७१ पासून प्रत्येक पत्रावर नेहमीच्या तिकिटाखेरीज पाच पैशांचे निर्वासित साहाय्य तिकीट लावणे सक्तीचे झाले. मार्च १९७३ पर्यंत ते चालले. कोकणचा सारा संसार टपालावर चालणारा. मुंबईचा चाकरमानी, जहाजावरचा खलाशी, आखातात गेलेला कारागीर, सगळ्यांची खुशाली पत्रातून यायची. त्यामुळे कोकणातल्या घराने खुशाली कळवता कळवता, ज्यांना त्याने कधी पाहिले नाही अशा निर्वासितांच्या तोंडी घास घातला. दादीच्या पेटीत अशी चार पाकिटे मला सापडली. त्यांवरच्या चित्रात एक निर्वासित कुटुंब आहे. वर्गात मी ती दाखवतो, तेव्हा एकही मूल बोलत नाही.

३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध पेटले. मुंबईत भोंगे वाजू लागले, खिडक्यांना पुन्हा काळे कागद लागले. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला. तो दिवस आपण नौदल दिन म्हणून पाळतो. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ 'खुकरी' ही आपली युद्धनौका पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांना वाचवण्यास अग्रक्रम दिला आणि स्वतः नौकेबरोबर गेले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, बांगला देश स्वतंत्र झाला. आमच्या घरी आनंद झाला तसा एका कोपऱ्यात विचारही चालू होता. कराचीच्या बंदरावर आग लागली तेव्हा दादांचा भाऊ त्याच शहरात होता. विजयाचा पेढा खाऊन दादांनी मग नमाजात भावासाठी दुआ मागितली. देशाचा विजय हवा आणि भावाचा जीवही वाचावा, या दोन इच्छा एकाच काळजात राहू शकतात. त्यांत गद्दारी नाही. ज्याच्या काळजात दोन्ही राहतात, त्यालाच युद्धाची खरी किंमत ठाऊक असते.

समारोप

वाचकहो, या साऱ्या विवेचनाचे सार काय? राष्ट्राभिमान ही केवळ मिरवणुकीत मिरवायची वस्तू नव्हे. सोमवारी सोडलेला घास, पत्रावरचे पाच पैसे, रेशनच्या रांगेत न केलेली घुसाघुशी, न पसरवलेली अफवा, शेजाऱ्याच्या खिडकीला लावून दिलेला कागद, ही त्याची रोजची रूपे आहेत. ज्या काळात साठेबाजांनी धान्य दडवले त्याच काळात सामान्य माणसाने ताटातले धान्य काढून ठेवले. मुलांना दोन्ही सांगितले पाहिजे. नुसते गौरवाचे सांगितले तर ती फुशारकी होईल आणि नुसते दोषाचे सांगितले तर ती निराशा होईल.

शेवटी एक विनंती. प्रत्येक विद्यार्थ्याने या सुट्टीत आपल्या घरातील वा शेजारच्या सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसावे. १९६५ मध्ये तुम्ही कोठे होता, १९७१ मध्ये घरात दिवा कसा झाकत होता, काय खात होता, कोणाची वाट पाहत होता, एवढे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत उतरवून घ्यावीत. मराठ्याच्या घरी जावे, कोळ्याच्या घरी जावे, बौद्धवाडीत जावे, मोहल्ल्यात जावे. पुढच्या स्मरणिकेत त्यांतील निवडक उत्तरे छापता आली तर आपल्या तालुक्याचा असा इतिहास तयार होईल, जो कोणत्याही बखरीत नाही.

माझी दादी आता नाही. शेवटच्या वर्षांत तिला फारसे आठवत नसे. पण रात्री लाईट गेली आणि मी मेणबत्ती पेटवली की ती अंथरुणातून हमखास विचारायची, "खिडकी लावलीस का रे?" मी म्हणे, "दादी, आता युद्ध नाही." ती म्हणे, "नसू दे. शेजाऱ्यांची खिडकी बघून ये."